डावा पाय आणि पसरणीचा घाट

माणसाला पाय दोन आणि मोटारीत पायाखाली घ्यायच्या पट्ट्या तीन. ही विसंगती मोटार घडवणाऱ्या थोर पुरुषांच्या ध्यानात कशी आली नाही, याचे मला वयाच्या 46व्या वर्षी नवल वाटू लागले. तीन पट्ट्यांची वाटणी करताना उजव्या पायाच्या पदरात दोन पडल्या, ब्रेक आणि रेस. डाव्याच्या वाट्याला एकटा क्लच आला. पाहणाऱ्याला वाटावे, डाव्या पायाची काय चैन आहे! पण ज्याने ही चैन भोगली आहे त्याला विचारा. उजव्या पायाचे काम रांगडे आहे. दाबले की पळते, दाबले की थांबते; त्यात समजायचे ते काय? डाव्या पायाचे काम मात्र नाजूक, आणि शिवाय उफराटे. क्लच दाबला की गाडीची पकड सुटते आणि सोडला की पकड बसते. म्हणजे धरायचे तर सोडा आणि सोडायचे तर धरा! वीस-बावीस वर्षे वर्गात विरोधाभास अलंकार शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला तो एक दिवस पायाने सोडवावा लागेल, हे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

मी वाईजवळच्या एका वस्तीवर राहतो आणि महाविद्यालयात मराठी शिकवतो. वाई हे गाव वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. कृष्णेचे घाट आणि 1762 साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या देवळाची मागली भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचे पाणी तिच्यावर आपटून दुभंगावे म्हणून. शिवाय मराठी विश्वकोशाचे काम या गावात झाले. त्याचा पहिला खंड 1976 साली निघाला. अशा गावात राहणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाला दोन गोष्टींचा गर्व होतो. एक भाषेचा, आणि दुसरा चालत कुठेही जाता येते याचा. मंडई दहा मिनिटांवर, महाविद्यालय पंधरा मिनिटांवर, आणि साताऱ्याला जायचे तर एस. टी. आहेच. मोटार चालवणे हे मला कधी आवश्यक वाटले नाही. खरे सांगायचे तर, ते मला करू दिले गेले नाही.

माझे वडील, अण्णा, एस. टी.चे ड्रायव्हर. 1971 साली ते खात्यात लागले आणि 2004 साली निवृत्त झाले. त्यांतली निम्म्याहून अधिक वर्षे त्यांनी घाटात काढली, आणि घाट म्हटला की आमच्या घरी एकच, पसरणीचा. वाईहून पाचगणीला चढणारी ती बारा-तेरा किलोमीटरची वाट त्यांनी किती वेळा चढली-उतरली असेल, याचा हिशेब मी लहानपणी वहीत मांडायला घेतला होता; सहावीतल्या गणिताला तो झेपला नाही.

मी दहा वर्षांचा असताना एकदा त्यांचा डबा घेऊन आगारात गेलो होतो. अण्णांची गाडी धुऊन उभी होती. दार उघडे दिसले तसा मी वर चढलो, त्यांच्या जागेवर बसलो आणि त्या लांबलचक दांड्याच्या काळ्या गोळ्यावर हात ठेवला. गिअरचा दांडा तेव्हा मला देवळातल्या घंटेइतकाच मोहक वाटे. मागून सपकन हातावर फटका बसला. अण्णांनी मला मारल्याची आठवण एवढी एकच. “ह्याला हात लावायचा न्हाय. तुझा हात खडूला. कळलं?” पुढे मी बी. ए. झालो, एम. ए. झालो, नोकरीला लागलो. निवृत्तीनंतर अण्णांनी एक जुनी छोटी मोटार विकत घेतली आणि अंगणात उभी केली. ती त्यांनी सौ.ला भाजीला नेण्यासाठी फिरवली, नातीला शाळेत पोचवण्यासाठी फिरवली. पण किल्ली माझ्या हाती कधी दिली नाही. मीही मागितली नाही. मागायला लागू नये इतकी ती सोय चांगली होती.

ही सोय 2023च्या आषाढात मोडली.

आषाढी एकादशी 29 जूनची होती. वस्तीतली माणसे आणि वस्तीतल्या जीपगाड्या दोन्ही पंढरपुरी गेलेल्या. त्याच आठवड्यातल्या एका रात्री, एकच्या सुमारास, अण्णा पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात डाव्या अंगावर कलले. डॉक्टर आले, त्यांनी पाहिले आणि सांगितले, अर्धांगाचा झटका आहे, एक मिनिट न घालवता साताऱ्याला न्या. रुग्णवाहिका एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन गेली होती. तिच्याकडे दोष नव्हता. मी तीन घरांची दारे वाजवली. दोन घरांत गाडी नव्हती आणि तिसऱ्या घरात ती चालवणारा नव्हता. शेवटी चार वाजता दुधाची गाडी आली. तिच्या चालकाने कॅन रस्त्यावर उतरवून ठेवले आणि आम्हाला घेऊन तो निघाला. पाचवडच्या फाट्यावर हमरस्त्याला लागलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे मला त्या पहाटे कळले. तपासण्या होऊन चित्र हाती आले तेव्हा पावणेसहा झाले होते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला दोष दिला नाही. त्यांनी सहज विचारले, “घरी गाडी नव्हती का?”

“होती,” मी म्हणालो.

ते एवढेच संभाषण. पुढे अण्णा वाचले, बोलू लागले, जीभ थोडी जड झाली पण शब्द शाबूत राहिले. डावा हात आणि डावा पाय मात्र गेला. गाडी अंगणात होती तशीच उभी होती. रोज सकाळी महाविद्यालयात जाताना मला तिच्या शेजारून जावे लागे.

श्रावणात मी शिकाऊ परवाना काढला. त्याच्या परीक्षेत संगणकासमोर बसून चिन्हे ओळखायची असतात. ती मी एखाद्या विद्यार्थ्याप्रमाणे पाठ करून गेलो आणि पुरेपूर गुणांनी उत्तीर्ण झालो. मग गाडी शिकवणाऱ्या एका संस्थेत नाव घातले. तिथे पंधरा दिवस मी अशी काही सुरेख गाडी चालवली, की घरी येऊन मी सौ.ला म्हणालो, “यात अवघड असे काहीच नाही. उगाच बाऊ करतात लोक.” सोळाव्या दिवशी आमच्या गाडीत बसलो, किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला, पाय उचलला, गाडीने बेडकासारखी एक उडी घेतली आणि प्राण सोडला. दुसऱ्यांदा तेच. आठव्यांदा तेच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. पंधरा दिवस गाडी तो गृहस्थ चालवत होता. मी केवळ चक्र धरून बसलो होतो. मार्गदर्शक पुस्तके वाचून पहिल्या वर्गात येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांवर मी किती तोंडसुख घेतले होते, ते त्या क्षणी एकदम आठवले.

हा सारा तमाशा अण्णा ओसरीवरच्या खाटेवरून पाहत होते. आठव्या उडीनंतर त्यांनी हाक मारली.

“मास्तर, इकडं या.”

अण्णा मला रागावले म्हणजे मास्तर म्हणतात आणि माया आली तरी मास्तरच म्हणतात. कोणते ते स्वरावरून ओळखायचे. मी जाऊन बसलो. त्यांनी आपला उजवा तळहात उभा धरला. “हे इंजान. हे सारखं फिरतंय. ह्ये कधी थांबत न्हाय, थांबलं तर मेलं.” मग ते दुसरा हात उचलायला गेले. तो उचलला गेला नाही. क्षणभर दोघेही त्या हाताकडे पाहत राहिलो. मग ते म्हणाले, “तुझा हात आण. ही तुझी चाकं. ही उभी हायेत.”

मी माझा तळहात त्यांच्या तळहातासमोर धरला. त्यांनी आपला हात मनगटातून गोल फिरवायला सुरुवात केली आणि तो हळूहळू माझ्या हाताजवळ आणला. त्यांच्या हाताची कातडी तेहतीस वर्षांच्या स्टेअरिंगने आणि गिअरच्या दांड्याने पायताणाच्या तळासारखी झालेली. प्रथम नुसता स्पर्श झाला. त्यांचा हात फिरत होता, माझा उभा होता, मध्ये घासत होते. मग त्यांनी थोडा दाब वाढवला. माझा हात आपोआप वळू लागला. आणखी दाबला, दोन्ही हात एक होऊन फिरू लागले.

“झालं. ह्योच क्लच. एकदम थापड मारलीस तर तुझा हात फिरंल का? माझाच थांबंल. म्हणून गाडी मरती.”

पुढे मी पुस्तकातून त्याची शास्त्रीय माहिती काढली, कारण सवय. इंजिनाच्या पाठीमागे एक जड पोलादी चाक फिरत असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याला खेटून असते क्लचप्लेट. हिच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर लावलेले. तिच्या पाठीशी प्रेशर प्लेट, आणि ती स्प्रिंगच्या जोराने या प्लेटला फ्लायव्हीलवर चेपून धरते. पाय दाबला की एक बेअरिंग पुढे सरकते, स्प्रिंग उलटी कलते आणि पकड सुटते. हे सगळे कशासाठी? तर तेलावर चालणारे इंजिन शून्यापासून सुरुवात करू शकत नाही. उभ्या गाडीतही ते मिनिटाला सुमारे 800 फेरे घेत असते. त्याखाली फार उतरले की गुदमरते. पहिल्या गिअरात इंजिनाच्या बारा-पंधरा फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडतो हे खरे, पण उभ्या चाकाचा फेरा शून्य, आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. धावणाऱ्याने उभ्याला बरोबर घ्यायचे तर मध्ये काही क्षण दोघांनी घासून घ्यायला पाहिजे. त्या घासण्याच्या जागेला इंग्रजीत चावा म्हणतात म्हणे. आमच्याकडे सगळे हाफ क्लच म्हणतात. मी त्याला एखादा शुद्ध मराठी शब्द शोधत दोन रात्री जागलो, सुचला नाही. अण्णांकडे मात्र होता. ते म्हणत, “गाडी उचलली.” प्लेट धरू लागली की इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो, गाडीचे अंग हलकेच थरारते, तेव्हा ड्रायव्हर म्हणतो, उचलली. याहून नेमके काय म्हणणार?

आमच्या लेकीचे या सगळ्याविषयी निराळे मत होते. ती म्हणे, “बाबा, आपोआप गिअरची गाडी घ्या की. विजेच्या गाडीत तर क्लच नसतोच.” तिचे खरे होते. 2014 पासून आपल्याकडे छोट्या गाड्यांतही क्लच आपण होऊन दाबणारी यंत्रणा आली आहे; आणखी वीस वर्षांनी हा लेख वाचणाऱ्याला डाव्या पायाचे हे दुःख एखाद्या जात्यावरच्या ओवीसारखे जुनेपुराणे वाटेल. पण नवी गाडी घ्यायला पैसे लागतात, हे एक. आणि दुसरे कारण मी तिला सांगितले नाही. त्या रात्री अंगणात उभी होती ती हीच गाडी. ती मला चालवता यायला हवी होती.

सरावाला मेणवलीचा रस्ता धरला. वाईहून मेणवली तीनेक किलोमीटर, रस्ता बहुतेक सपाट, एका अंगाला कृष्णा आणि दुसऱ्या अंगाला ऊस. नाना फडणिसांचा वाडा तिथे अजून उभा आहे, आणि खाली नदीच्या घाटावर छोट्या देवळीत ती प्रचंड घंटा. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकल्यावर जी चर्चमधल्या घंटांची लूट आली, तिच्यातली ती. लोक वाडा पाहायला येतात, कोणी तिथे झालेल्या चित्रपटांच्या आठवणी काढतात. मला मेणवली म्हटले की वाड्याच्या अलीकडचे ते वळण आठवते. तिथे मी एका सकाळी म्हशींच्या कळपामागे अकरा वेळा गाडी बंद पाडली. म्हशी पुढे जात, मी गाडी उचलत असे. म्हशी थांबत, मी क्लच दाबायचे विसरत असे. गुराखी पोराने शेवटी जवळ येऊन आत डोकावून पाहिले आणि अण्णांना विचारले, “आजोबा, ढकलू का?”

अण्णा माझ्या डावीकडे बसत. सौ. आणि मी दोघे मिळून त्यांना खाटेवरून उठवून गाडीत बसवत असू. पट्टा लावून, पाठीला उशी देऊन. डावा पाय उचलून आत ठेवावा लागे. पहिल्या दिवशी मला वाटले होते, हे एवढे सायास करून ते येतात ते मला शिकवायला. दोन-तीन फेऱ्यांनंतर कळले, की त्यांना रस्ता पाहायचा असतो. महिनोन्‌महिने त्यांनी ओसरी आणि दवाखाना यांवाचून काही पाहिले नव्हते. ते फार बोलत नसत. फक्त मी चुकीच्या गिअरात गाडी रेटली की म्हणत, “रडतीया बघ ती. आइक.” अन् मी उगाच रेस दिली की म्हणत, “भांडतोस कशापायी?”

त्यांच्या काळच्या गाड्यांत याहून मोठी तपश्चर्या होती. गिअरचे दाते आपोआप जुळवून घेणारी सोय त्या बसगाड्यांत नसे. क्लच दाबायचा, गिअर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, जरूर तेवढी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग पुढला गिअर टाकायचा. याला ते डबल क्लच म्हणत. घाटात एका वळणाला हे दोनदा होई, दिवसाकाठी किती वेळा ते त्यांनाच ठाऊक. अण्णांची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड होती, हे मला लहानपणापासून माहीत होते. आई त्यावरून त्यांची थट्टा करी. आता सौ. ती पोटरी तेलाने चोळते, तेव्हा ती उजवीहून बारीक झालेली दिसते.

मेणवली झाली, धोमच्या धरणापर्यंत जाऊन आलो, परवान्याची परीक्षाही झाली. पाचवड फाट्यापर्यंत जाण्याइतका धीर आला. मग 2024च्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी अण्णा म्हणाले, “आज वर जाऊ.”

वर म्हणजे घाट. मी म्हणालो, “अण्णा, अजून थोडे दिवस...”

“घाट चढल्याबिगर ड्रायव्हर होत न्हाय,” ते म्हणाले. मग थोडे थांबून, “आन् मला एकदा बघायचाय.”

पसरणीचा घाट काही भयंकर नाही. कुंभार्लीसारखे अरण्य नाही, वरंध्यासारखी निर्जन भीषणता नाही. वाई सुमारे 700 मीटर उंचीवर आहे, पाचगणी सुमारे 1,300 मीटरवर. मधला चढ रस्ता शांतपणे, वळणे घेत घेत चढतो. पायथ्याशी पसरणी हे गाव आहे. शाहीर साबळे याच गावचे. 1923चा त्यांचा जन्म. गाव मागे पडले की रस्ता डोंगराच्या कुशीला लागतो आणि मग प्रत्येक वळणावर खालची वाई थोडी थोडी लहान होत जाते. आधी घरांची कौले ओळखू येतात, मग फक्त देवळांची शिखरे. मग कृष्णेची रेघ आणि पश्चिमेला धोमचे पाणी. पलीकडे पांडवगड उभा असतो, पूर्वेला वैराटगड. वाटेत कठड्यांवर माकडे रांगेने बसलेली असतात आणि पुणे-मुंबईची मंडळी त्यांना खाऊ घालून बिघडवत असतात. हे वर्णन मी एस. टी.च्या खिडकीतून गोळा केलेले आहे, हे कबूल केले पाहिजे. त्या दिवशी मला यातले काही दिसले नाही. मला दिसत होता पुढल्या ट्रकचा मागला फळा आणि ऐकू येत होते ते फक्त इंजिन.

तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत बरे चालले होते. दुसरा गिअर, क्वचित तिसरा. एकदा गिअर बदलताना माझी नजर सहज डावीकडे गेली. अण्णा समोर पाहत होते. त्यांचा उजवा हात डाव्या गुडघ्यावर होता. मी क्लच दाबला, तेव्हा त्या हाताने तो गुडघा खाली दाबला. मी क्लच सोडला, तेव्हा हात हलकेच वर आला. पुढच्या वळणाला पुन्हा तसेच. त्यांना ते ठाऊक असावे असे मला वाटले नाही. मी नजर रस्त्यावर आणली.

मग ते व्हायचे ते झाले. एका आवळ वळणावर वरून येणारी प्रवाशांची मोठी गाडी आणि खालून चढणारा ट्रक समोरासमोर अडकले. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा डोंगरी रस्त्याचा नियम. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत मी त्याला अचूक खूण केली होती. पण परीक्षेतली गाडी आणि वळणावरची गाडी यांत फरक असतो. आम्ही थांबलो. माझ्या मागे एस. टी. येऊन थांबली, इतकी जवळ की आरशात तिचे नाक तेवढे दिसे. हँडब्रेक ओढून मी घाम पुसला.

पाच मिनिटांनी ट्रक हलला. मी पहिला गिअर टाकला, हँडब्रेक खाली केला, पाय उचलला. गाडी मेली आणि हातभर मागे गेली. मागून कर्णकर्कश हॉर्न. ब्रेक! किल्ली. पुन्हा. या वेळी भीतीने एवढी रेस दिली आणि क्लच इतका वेळ अर्धवट धरला, की गाडी जागेवर गुरगुरत राहिली आणि आत जळका वास सुटला, गोधडीला निखारा लागावा तसा. पाय थरथरू लागला. पुन्हा मेली. पुन्हा मागे. एस. टी.च्या क्लीनरबाजूच्या खिडकीतून एक बाई मोठ्याने काहीतरी म्हणाल्या. ते छापण्याजोगे नव्हते. कार्ल बेंझची बायको बेर्टा 1888 साली नवऱ्याला न सांगता त्याची मोटार घेऊन माहेरी निघाली, तेव्हा चढावर तिच्या दोघा मुलांनी ती गाडी ढकलली होती, असे मी वाचले आहे. माझ्या मागे एस. टी. होती आणि माझे वडील गाडीत जखडलेले होते. ढकलायला कोणी नव्हते.

“हँडब्रेक वढ,” अण्णा म्हणाले. मी ओढला.

“दोन्ही हात स्टेरिंगवर. पुढं बघ. पायाला काय इचारू नगंस. कानाला इचार.”

मी किल्ली फिरवली. गिअर टाकला. उजव्या पायाने थोडी रेस दिली. डावा पाय उचलू लागलो, केसाकेसाने. आवाज तसाच. आणखी थोडा. मग तो आवाज किंचित खाली बसला, गाडीचे अंग थरारले, जणू कुणी तिला पाठीमागून हात दिला.

“उचलली,” मी म्हणालो.

“हां. आता हलवू नगंस पाय.”

त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून निघून आमच्या दोघांमधल्या हँडब्रेकवर आला होता. अंगठ्याने त्यांनी खटका दाबला, दांडा अलगद खाली नेला. गाडी मागे गेली नाही. पुढेही गेली नाही. घाटाच्या त्या वळणावर, मागे पन्नास माणसांची एस. टी. घेऊन, आम्ही क्षणभर नुसते तोलून राहिलो होतो.

“चल,” अण्णा म्हणाले.

मी चाललो.

पाचगणीच्या स्टँडजवळ चहाच्या टपरीशी गाडी लावली. अण्णा गाडीतच बसले. मी कप आणून त्यांच्या हाती दिला. सिल्व्हर ओकच्या झाडांतून ऊन पडत होते, हातगाड्यांवर स्ट्रॉबेरीचे डबे लागले होते. तेवढ्यात घाटात मागे होती ती एस. टी. स्टँडात शिरली. तिचा ड्रायव्हर, तिशीतला मुलगा, उतरून सरळ आमच्याकडे आला. आता ऐकून घ्यावे लागणार, म्हणून मी मनाची तयारी केली. तो खिडकीशी वाकला, अण्णांकडे नीट पाहिले आणि विचारले, “काका, तुम्ही लाईनवर होता का?”

अण्णांनी विचारले, “कशावरनं?”

“हँडब्रेक ज्या येळंला सोडला त्यावरनं. मी वरनं बघत हुतो.”

मग दोघे बोलत राहिले. आगारांविषयी, गाड्यांविषयी, कोण साहेब होता, कोण आता नाही. मी चहाचा कप धरून उभा होतो. त्या मुलाने माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारले. अण्णा म्हणाले, “पोरगं माझं. शिकतंय आजून.”

उतरताना त्यांनी एकच सूचना दिली, “ज्या गिअरात चढलास त्यातच उतर. न्यूट्रल करायचं न्हाय, ब्रेकवर बसायचं न्हाय.” बाकी सगळी वाट ते खाली पाहत होते. मीही या वेळी दोनदा पाहिले. धोमच्या पाण्यावर ऊन होते.

दुसऱ्या आठवड्यात गाडी पकड धरीना. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट काढून दाखवली. अस्तर काळे पडून चकाकत होते, कडेला चिरा गेल्या होत्या. नव्या प्लेटचा आणि मजुरीचा आकडा ऐकून मी ओशाळलो. घरी येऊन अण्णांना सांगितले. त्यांनी ती जुनी प्लेट हाती घेतली, अंगठ्याने चाचपली, वास घेतला.

“तिसऱ्याच वळणावरची हाय ही,” ते म्हणाले. “राहू दे. शिकताना एक प्लेट जातीच.”

आता दर बुधवारी त्यांना मी साताऱ्याला व्यायामोपचारासाठी घेऊन जातो. साडेसहाला निघावे लागते, म्हणजे पाचवडच्या फाट्यावर गर्दी नसते. डाव्या पायाचा अंगठा थोडा हलू लागला आहे. तिथली मुलगी म्हणते, इतक्या महिन्यांनी फार आशा धरू नका, पण सोडूही नका. अण्णा गाडीत बसले की पट्टा लावून घेतात, उजवा हात गुडघ्यावर ठेवतात आणि म्हणतात, “घाल फर्स्ट.”